पाण्यातला व्यायाम : पुरावा किती, उपयोग कुणाला

छातीइतक्या कोमट पाण्यात उभे राहून, चालत किंवा तरंगत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ठरावीक व्यायाम करणे म्हणजे जलोपचार. दवाखान्यात त्याला हायड्रोथेरपी किंवा अ‍ॅक्वाटिक थेरपी म्हणतात. त्यात पोहणे यावेच लागते असे नाही. बहुतेक रुग्णांना पोहता येत नाही आणि उपचारासाठी ते शिकावेही लागत नाही. गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, सांधा बदलल्यानंतरचे आठवडे, पक्षाघात, पार्किन्सन, मुलांमधला सेरेब्रल पाल्सी, खेळाडूंच्या दुखापती अशा अनेक ठिकाणी हा उपचार सुचवला जातो. त्यातल्या काही ठिकाणी त्याला चांगला पुरावा आहे, काही ठिकाणी जेमतेम, आणि काही ठिकाणी जाहिरातच अधिक आहे.

पाण्याचे इतर उपचार यापासून वेगळे ठेवले पाहिजेत. चरकसंहितेत स्वेदनाच्या तेरा प्रकारांत अवगाहन येते, म्हणजे औषधी काढ्यात बसणे. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या निसर्गोपचार केंद्राच्या परंपरेत कटिस्नान आणि ओल्या पट्ट्या आहेत. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात गेले की राजापूर, तुरळ, उन्हवरे इथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि संधिवाताचे रुग्ण तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. या सगळ्यांत रुग्ण पाण्यात बसतो; जलोपचारात तो पाण्यात काम करतो. फरक साधा वाटला तरी पुराव्याच्या दृष्टीने मोठा आहे. गरम झऱ्यांतल्या किंवा खनिज पाण्यातल्या स्नानाचा आमवातावर काय परिणाम होतो, याचा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये घेतलेला आढावा ९ चाचण्या आणि ५७९ रुग्णांवर आधारलेला होता, आणि त्यातून ठाम निष्कर्ष काढण्याजोगे काही हाती आले नाही. झऱ्यावर जाऊन बरे वाटते हे खोटे नाही. पण बरे वाटणे आणि सांध्याचे काम सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणी शरीरावर काय करते हे मात्र चांगले मोजले गेले आहे. पहिली गोष्ट म्हणजे भार कमी होणे. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार उरतो, छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी आले की सुमारे एक-तृतीयांश, आणि मानेपर्यंत आले की जेमतेम दहावा हिस्सा. साठ किलोच्या बाईंच्या पायांना मानेइतक्या पाण्यात सहा किलोच पेलावे लागतात. बर्लिनच्या संशोधकांनी हे थेट सांध्यात मोजले. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यात किंवा खुब्यात भार नोंदवणारे यंत्र बसवलेले होते अशा १२ रुग्णांना त्यांनी छातीइतक्या पाण्यात व्यायाम करायला लावला. उभ्याने केलेल्या व्यायामांत सांध्यावरचा भार जमिनीच्या तुलनेत एक-तृतीयांशाहून अधिक, काही वेळा निम्म्याहूनही जास्त घटला. मात्र पाय उचलून जोराने पाणी कापण्याच्या व्यायामात हा फायदा बराच कमी झाला. पाण्यात काहीही केले तरी सांध्याला आराम, असे समजून चालत नाही.

याचे कारण दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे पाणी हालचालीला करते त्या विरोधात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि त्यात हालचालीला होणारा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. हाताचा वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो. उपचाराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. रुग्ण जितका जोर लावील तितकाच विरोध त्याला मिळतो. दुखले आणि तो थांबला की विरोधही थांबतो. जमिनीवर उचललेले वजन हात थकला म्हणून हलके होत नाही. शिवाय पाण्यात तोल गेला तरी पडायला वेळ लागतो. पार्किन्सनच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला सावरण्यासाठी मिळणारे ते दोन-तीन क्षण फार मोलाचे असतात, कारण जमिनीवर पडण्याच्या धास्तीनेच असे रुग्ण तोल सावरण्याचा सराव टाळतात.

तिसरी गोष्ट पाण्याचा दाब. खोली एक सेंटीमीटरने वाढली की दाब ०.७३ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. १.२ मीटर खोल पाण्यात उभ्या माणसाच्या घोट्याभोवती सुमारे ८८ मिलिमीटरचा दाब असतो. त्याने पायांची सूज ओसरायला मदत होते, पण पायांतले आणि पोटातले रक्त वर छातीकडेही ढकलले जाते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात मानेपर्यंत पाण्यात बसवलेल्या निरोगी माणसांच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर जादा रक्त आले आणि हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त ३२ टक्क्यांनी वाढले. निरोगी हृदय हे सहज पेलते, कमकुवत हृदय पेलेलच असे नाही. छातीवरच्या दाबामुळे श्वास घेण्याचे श्रमही वाढतात. मानेपर्यंत पाणी असेल तर ही वाढ सुमारे ६० टक्के भरते. छातीत रक्त वाढले की शरीर लघवीवाटे पाणी बाहेर टाकू लागते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन येणे आणि बाहेर आल्यावर पाणी पिणे हा या उपचारातला शिष्टाचार नाही, तो नियम आहे.

राहिले तापमान. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरकही अंगाला लगेच जाणवतो. दुखऱ्या, आखडलेल्या सांध्यांच्या हळू व्यायामासाठी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस योग्य धरतात, दमछाक करणाऱ्या व्यायामासाठी २८ ते ३२. स्पर्धेचा तलाव याहून थंड असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना उलट थंड पाणीच हवे, कारण शरीर तापले की त्यांची लक्षणे तात्पुरती बळावतात. ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच याची नोंद केली होती.

आधुनिक जलोपचाराचा इतिहास पोलिओशी जोडलेला आहे. लॉस एंजेलिसचे अस्थितज्ज्ञ चार्ल्स लोमन यांनी १९२० च्या दशकात पोलिओ झालेल्या मुलांसाठी पाण्यातले व्यायाम सुरू केले. त्याच काळात, १९२४ मध्ये, पोलिओने पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या ३१ अंशांच्या पाण्यात उतरले आणि इतके भारावले की दोन वर्षांनी त्यांनी ती जागाच विकत घेतली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या या रुग्णाने त्या उपचाराला जेवढी प्रसिद्धी दिली तेवढी कोणत्याही चाचणीने दिली नसेल. रूझवेल्ट यांचे पाय मात्र अखेरपर्यंत परतले नाहीत. १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवताना जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने दहा टप्प्यांची पद्धत बसवली. तिचा गाभा तोल आणि श्वासावरचा ताबा आहे, आणि तरंगण्याची साधने ती शक्यतो टाळते. स्वित्झर्लंडमधल्या बाड रागाझची पद्धत नेमकी उलट आहे. तिथे रुग्णाला मान, कंबर आणि घोट्याभोवती हवेची कडी घालून पाठीवर तरंगवतात आणि थेरपिस्ट हाताने विरोध देतो. कोल्हापूरच्या खेड्यांत विहिरीवर पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधतात, त्यामागचे तत्त्वही तेच. नंतरच्या काळात कॅलिफोर्नियात वॉत्सू आणि जपानमध्ये आय-ची या संथ हालचालींच्या पद्धती आल्या.

पश्चिम महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या पेठ इस्लामपूरचे आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले लष्करातले जवान मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले. ते मूळचे मुष्टियोद्धे. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विक्रम नोंदवून त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. कोल्हापूरचा स्वप्निल पाटील हा पॅरा जलतरणपटूही २०२२ च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी आहे.

अशी उदाहरणे सांगताना सावध राहावे लागते. पेटकरांचे अपंगत्व पाण्याने गेले नाही. अपंगत्व असताना शरीर किती काम करू शकते, हे पाण्यामुळे दिसले. पुनर्वसनाचा अर्थ नेमका हाच आहे आणि त्या अर्थाने ही कथा खरी आहे. पण एका असामान्य माणसाच्या कर्तृत्वावरून दुसऱ्या दहा जणांना काय होईल हे सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला पाण्यातला व्यायाम देऊन आणि दुसऱ्याला न देता, ठरलेल्या मुदतीनंतर दोघांची मोजणी करावी लागते. इथे एक अडचण आहे जी गोळीच्या चाचणीत येत नाही. बनावट गोळी देता येते, बनावट तलाव देता येत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येक रुग्णाला माहीत असते, आणि दुखणे किती हे सांगणारा तोच असतो. त्यामुळे जलोपचाराच्या चाचण्यांतले आकडे खऱ्यापेक्षा थोडे फुगलेले असण्याची शक्यता कायम राहते.

सर्वांत जास्त अभ्यास गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेवर झाला आहे. कोक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात १३ चाचण्या आणि १,१९० रुग्ण होते. सरासरी वय ६८, चारांतल्या तीन स्त्रिया, बहुतेकींचे वजन जास्त. कोल्हापूरच्या कोणत्याही अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण रांगेचे वर्णन याहून फार वेगळे होणार नाही. साधारण तीन महिने पाण्यात व्यायाम केलेल्यांचे दुखणे, ० ते १०० च्या मापावर, न केलेल्यांपेक्षा ५ गुणांनी कमी झाले. हालचालीतली अडचण ५ गुणांनी घटली, जगण्याची गुणवत्ता ७ गुणांनी वाढली, आणि कुणाला गंभीर इजा झाल्याची नोंद नाही. पुराव्याचा दर्जा मध्यम ठरवला गेला. शंभरात पाच गुण म्हणजे फार नव्हे. हा सरासरी आकडा आहे, त्यात खूप फायदा झालेले आणि मुळीच न झालेले दोघेही आले, हे खरे. ऑस्ट्रेलियातल्या ७१ रुग्णांच्या एका चाचणीत सहा आठवड्यांनंतर पाण्यातल्या गटातल्या ७२ टक्के लोकांनी दुखणे कमी झाल्याचे सांगितले, दुसऱ्या गटातल्या फक्त १७ टक्क्यांनी. तरीही सरासरी परिणाम लहानच आहे आणि तो उपचार संपतानाचा आहे. वर्षभराने काय उरते याची माहिती तुटपुंजी आहे.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवला की चित्र स्पष्ट होते. जमिनीवरच्या व्यायामाचा गुडघ्यावर होणारा परिणाम तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ४४ चाचण्यांमधून दुखणे १२ गुणांनी कमी झाल्याचे दिसले आणि पुराव्याचा दर्जा उच्च होता. दोन वेगळ्या आढाव्यांतले रुग्ण वेगळे असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. पण जमिनीवरच्या साध्या व्यायामापेक्षा पाणी वरचढ आहे, या दाव्याला मात्र यातून काही आधार मिळत नाही. डेन्मार्कमध्ये ७९ रुग्णांवर दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. ताकद आणि दुखणे यांत जमिनीवरचा गट किंचित पुढे राहिला, पण व्यायामाने त्रास झाल्याची तक्रार त्यातल्या ११ जणांनी केली आणि पाण्यातल्या फक्त ३ जणांनी. जलोपचाराची खरी जागा या एका निकालात सापडते. जो रुग्ण जमिनीवर व्यायाम करू शकतो त्याला पाण्याची गरज नाही. जमिनीवर दोन पावले टाकताच ज्याचा गुडघा ओरडतो, ज्याचे वजन ९०-१०० किलो आहे, जो पडण्याच्या भीतीने घरात बसला आहे, त्याला व्यायाम सुरूच करता येत नाही. पाणी त्याला सुरुवात करून देते. तीन महिन्यांनी त्याने काठावर यावे आणि उरलेला व्यायाम जमिनीवर करावा, ही या उपचाराची रास्त अपेक्षा आहे.

कंबरदुखीवर अलीकडे बराच गाजलेला अभ्यास शांघायचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुन्या कंबरदुखीचे ११३ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, तीन महिने पाण्यात व्यायाम केलेल्यांची दैनंदिन कामातली अडचण दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली आणि हा फरक वर्षभर टिकला, किंबहुना वाढला. निकाल चांगला आहे. पण दुसऱ्या गटाला काय दिले होते हे बातम्यांत फारसे आले नाही. त्यांना विजेच्या लहरींचा आणि इन्फ्रारेड शेकाचा उपचार होता, व्यायाम नव्हता. म्हणजे या चाचणीने व्यायाम शेकापेक्षा बरा हे दाखवले. पाणी जमिनीपेक्षा बरे हे दाखवले नाही. गावोगावच्या अनेक दवाखान्यांत कंबरेच्या रुग्णाला यंत्राखाली झोपवून वीस मिनिटांत मोकळे केले जाते, त्यांनी तरी या चाचणीचा पहिला अर्थ मनावर घ्यायला हरकत नाही.

अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियावर कोक्रेनने २०१४ मध्ये १६ चाचण्या आणि ८८१ रुग्ण तपासले. काहीच न करण्यापेक्षा पाण्यातला व्यायाम फायद्याचा ठरला, जमिनीवरच्या व्यायामाशी तो जवळजवळ बरोबरीत राहिला, फक्त ताकदीच्या बाबतीत जमीन पुढे. पाणी आधार देते म्हणूनच ते स्नायूंना कमी कष्टवते. हा त्याचा गुणही आहे आणि मर्यादाही.

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर जखम भरेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण दंडक आहे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१३ मध्ये ८ चाचण्यांचा एकत्र विचार करून पाहिले तेव्हा, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी नीट बसवली असेल तर लवकर पाण्यात उतरलेल्यांना जंतुसंसर्ग जास्त झाला नाही. जर्मनीतल्या ४६५ रुग्णांच्या एका चाचणीत सहाव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी पाण्यात उतरलेल्यांची तुलना झाली. गुडघा बदललेल्यांना लवकर उतरल्याचा फायदा झाल्याचे दिसले, खुबा बदललेल्यांना तसा दिसला नाही. हे निष्कर्ष ज्या तलावांतले आहेत तिथे पाण्याची तपासणी रोज होते. जिथे ती होत नाही तिथे जुना दंडकच शहाणपणाचा.

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांत पुरावा विरळ होत जातो. पक्षाघातावर कोक्रेनने २०११ मध्ये शोध घेतला तेव्हा ४ चाचण्या आणि ९४ रुग्ण एवढेच हाती लागले. निष्कर्ष काढता आला नाही. त्यानंतर अनेक छोटे अभ्यास झाले, त्यांतून तोल आणि चालणे सुधारण्याचे संकेत मिळतात. पार्किन्सनमध्येही तसेच: इटलीतल्या ३४ रुग्णांच्या चाचणीत पाण्यात सराव केलेल्यांचा तोल जमिनीवर सराव केलेल्यांपेक्षा जास्त सुधारला, पण ३४ जणांवरून धोरण ठरत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबाबत बहुतेक अभ्यासांत तुलनेचा गटच नाही. मुलाला पाण्यात आनंद होतो, ते हट्टाने पुन्हा यायला मागते, आणि पालकांना पहिल्यांदाच ते मोकळेपणाने हात-पाय हलवताना दिसते. याला मोल आहे. मात्र तो चालण्यातल्या सुधारणेचा पुरावा नव्हे, आणि पालकांकडून महिनोन्‌महिने पैसे घेताना हा फरक त्यांना सांगायला हवा. फुप्फुसांच्या जुन्या आजारावर ५ चाचण्या आणि १७६ रुग्णांचा आढावा आहे. ज्यांना या आजाराबरोबर गुडघेदुखी किंवा लठ्ठपणाही आहे त्यांना पाणी सोयीचे पडते, एवढे त्यातून आणि त्यासोबतच्या अभ्यासांतून म्हणता येते.

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत तालमी-तालमींत ओळखीची आहे. लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या २० जणांवरच्या १९९४ च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात पाण्यात व्यायाम केलेल्यांच्या गुडघ्याला सूज कमी राहिली आणि कामकाजाचे गुणही चांगले आले, पण मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद जमिनीवरच्या गटात जास्त भरली. खेळाडूला मैदानात परतायचे असेल तर पहिले काही आठवडे पाणी आणि पुढे जमीन, असाच क्रम यातून निघतो.

धोके थोडे आहेत, पण आहेत. ताप, उघडी किंवा पू झालेली जखम, संसर्गजन्य त्वचारोग, ताब्यात नसलेले फेफरे, अलीकडेच उद्भवलेले किंवा अस्थिर हृदयविकार आणि शौचावर ताबा नसणे अशा वेळी पाण्यात उतरू नये. शेवटची आणि जखमेची अट कमरेखाली अधू असलेल्यांना सर्वांत जास्त नडते. त्यांच्यात शौचावरच्या ताब्याचे प्रश्न आणि बसून-झोपून होणारे व्रण नेहमीचे; म्हणजे ज्याला पाण्याचा आधार सर्वांत जास्त हवा त्यालाच दार बंद होण्याची शक्यता अधिक. मधुमेह्याच्या पायांना संवेदना नसेल तर तलावाच्या खरबरीत तळाने नकळत खरचटते. रबरी पादत्राणे घालूनच उतरावे. कोमट पाणी जंतूंनाही मानवते. क्लोरीन कोमट पाण्यात लवकर उडते, त्यामुळे उपचाराच्या तलावात त्याची मोजणी दिवसातून अनेकदा करावी लागते. पोहण्याच्या तलावांच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे. ते भिंतीवर टांगण्यासाठी नाही.

कोल्हापूरला पाण्याची आणि पोहण्याची सवय नवी नाही. पंचगंगेचे घाट, रंकाळा, शेतातल्या विहिरी यांवर इथली पोरे पोहायला शिकली, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत जलतरणात २४ वर्षांनी भारताला पदक मिळवून देणारा वीरधवल खाडेही याच गावचा. पण नदी आणि तळे ही उपचाराची जागा नाही. पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी, तळाचा गाळ, अनिश्चित खोली, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनी दाखवलेली नदीची दुसरी बाजू, यांतले कोणतेही एक कारण पुरेसे आहे. रंकाळ्याजवळचा अंबाई टँक आणि शहरातले इतर जलतरण तलाव स्वच्छ पाण्याचे असले तरी पोहणाऱ्यांसाठी बांधलेले आहेत. तिथे उतरायला बहुधा उभी लोखंडी शिडी असते. ज्याला जिना चढता येत नाही तो ही शिडी उतरणार कशी? उथळ बाजूला कठडा आणि रुंद पायऱ्या बसवणे हे फार खर्चाचे काम नाही, आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा असण्याची अपेक्षा ठेवतोच. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ज्या शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, चाकाच्या खुर्चीवरून घराबाहेर पडून जगण्याचा प्रश्न चार दशके ज्या शहराच्या समोर ठेवला, तिथे तरी तलावाच्या काठापर्यंत खुर्ची जावी.

तापमानाचा हिशेब जास्त कठीण आहे. हिवाळ्यात कोल्हापूरचा पारा रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि उघड्या तलावाचे पाणी संधिवाताच्या रुग्णाला सोसत नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावते. ते २५ अंशांवरून ३३ अंशांवर न्यायला, नुकसान धरले नाही तरी, ४,३०० युनिटांहून जास्त ऊर्जा लागते. याउलट आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, १.२ मीटर खोल हौदात जेमतेम ३८ हजार लिटर पाणी बसते आणि त्याच कामाला सुमारे ३६० युनिट पुरतात. छप्पर, रात्री पाण्यावर अंथरायचे आवरण आणि सौर तापक असेल तर रोजचा खर्च आणखी खाली येतो. एका वेळी चार-पाच रुग्णांना हा हौद पुरेसा आहे. म्हणजे मोठा तलाव तापवण्याच्या योजना आखण्यापेक्षा एखाद्या फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या आवारात लहान, बंदिस्त हौद बांधणे व्यवहार्य आहे. आणि त्याआधी, मार्च ते मे या महिन्यांत, दुपारच्या रिकाम्या वेळेत महापालिकेच्या तलावाची उथळ बाजू फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरून पाहायला फार पैसे लागत नाहीत. पोहण्याच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळी असतात. मधला वेळ मोकळाच असतो.

स्त्रियांचा प्रश्न यात विसरला जातो. गुडघ्याच्या झिजेच्या बहुसंख्य रुग्ण स्त्रिया आहेत, आणि साठीतली शेतकरी बाई पुरुषांच्या देखत पाण्यात उतरायला तयार होत नाही. साडी पाण्यात पायांत अडकते, ओली झाल्यावर जड होते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख आणि स्त्रियांसाठी राखीव वेळ या दोन गोष्टी नसतील तर ज्यांच्यासाठी सर्वाधिक पुरावा उपलब्ध आहे त्याच रुग्ण येणार नाहीत.

जलोपचार सुचवला गेला तर रुग्णाने आणि घरच्यांनी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पाण्याचे तापमान किती आणि क्लोरीन कधी मोजले? पाण्यात सोबत उतरणारा माणूस प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आहे का, की पोहण्याचा शिक्षक? आठवड्यातून दोन-तीनदा असे किती आठवडे, आणि सुधारणा कशाने मोजणार: चालण्याच्या अंतराने, जिन्याच्या पायऱ्यांनी, की नुसते ‘कसे वाटते’ विचारून? बारा आठवड्यांनंतर जमिनीवर काय करायचे हे आजच ठरले आहे का? उत्तरे मिळत नसतील तर पैसे वाचवावेत. जवळपास असा तलाव नाही म्हणूनही कुणी थांबून राहू नये. गुडघ्यासाठी जमिनीवरच्या व्यायामाचा पुरावा पाण्यातल्या व्यायामापेक्षा अधिक भक्कम आहे, आणि त्याला एक खुर्ची, एक भिंत आणि रोजचा अर्धा तास पुरतो.